चौथ्या क्रमांकाचा न्याय

लंडन ऑलिम्पिकमध्ये १० ऑगस्ट २०१२ च्या संध्याकाळी महिलांची हातोडाफेक संपली, तेव्हा चीनची झांग वेन्शिऊ राष्ट्रध्वज घेऊन मैदानाला फेरी मारू लागली. फलकावर ती तिसरी होती. त्याच वेळी जर्मनीची बेटी हाइडलर पंचांकडे दाद मागत होती, कारण पाचव्या फेरीतली तिची ७७ मीटरच्या पुढची फेक यंत्रणेने नोंदवलीच नव्हती. ती फेक रशियाच्या तात्याना लिसेन्कोने नुकत्याच केलेल्या फेकीइतकीच भरली होती, आणि आधीचाच आकडा पुन्हा आला असे धरून यंत्रणेने तो गाळून टाकला होता. अखेर हाइडलरची फेक ग्राह्य धरली गेली, चीनचा आक्षेप फेटाळला गेला आणि झांग चौथी ठरली. सुवर्णपदक लिसेन्कोला मिळाले, रौप्य पोलंडच्या अनिता व्लोदार्चिकला आणि कांस्य हाइडलरला.

चार वर्षांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, लिसेन्कोच्या लंडनमधील साठवून ठेवलेल्या नमुन्यात ट्युरिनाबोल हे स्टेरॉइड सापडल्यामुळे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने तिला अपात्र ठरवले. सगळे एकेक पायरी वर सरकले आणि झांग पुन्हा तिसरी झाली. म्हणजे ध्वज घेऊन मैदानाला फेरी मारणारी ती मुलगी तेव्हाही तिसरीच होती. ते कागदावर यायला चार वर्षे लागली, आणि ज्या कारणाने ती तिसरी होती ते कारण त्या संध्याकाळी मैदानावर कोणाच्या तोंडी नव्हते.

झांगचा जन्म १९८६ सालचा, ईशान्य चीनमधील दालियान या बंदराच्या शहरातला. २००५ साली तिने ७३.२४ मीटरची फेक करून कनिष्ठ गटातील जागतिक विक्रम केला. २००६ च्या दोहा आणि २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धांत तिने सुवर्णपदके जिंकली, २००७ साली ओसाका येथील जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. एवढ्यावरून ही एका दमदार, सातत्यपूर्ण खेळाडूची सरळ कारकीर्द वाटेल. परंतु तिच्या चार मोठ्या स्पर्धांचे निकाल स्पर्धा संपल्यानंतर बदलले आणि या चार स्पर्धांत मिळून तिचा क्रमांक सहा वेळा खालीवर झाला. २००८ साली बीजिंगला घरच्या प्रेक्षकांसमोर ती तिसरी आली होती. विजेती ठरलेली बेलारूसची ओक्साना मेन्कोवा २०१६ च्या अखेरीस पुनर्तपासणीत दोषी ठरली आणि झांग दुसरी झाली. लंडनमध्ये ती तिसरीची चौथी आणि चौथीची तिसरी झाली. २०१३ च्या मॉस्को जागतिक स्पर्धेत ती तिसरी होती. लिसेन्कोचे तेथील सुवर्णपदकही रद्द झाल्यावर ती दुसरी झाली. आणि २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत तिचे स्वतःचे सुवर्णपदक काढून घेतले गेले, तेही चूक ठरून पुढच्या वर्षी परत करावे लागले.

रिओ ऑलिम्पिकमध्ये १५ ऑगस्ट २०१६ रोजी ७६.७५ मीटर फेक करून ती रौप्यपदकाच्या पायरीवर उभी राहिली, तेव्हा अधिकृत नोंदींत तिचे त्याआधीचे एकच ऑलिम्पिक पदक होते, बीजिंगचे कांस्य. ते वर्ष संपेपर्यंत चित्र असे झाले की तिच्या वाट्याला तीन ऑलिम्पिक पदके येत होती, त्यांतले बीजिंगचे रौप्य तिने आठ वर्षांपूर्वी कमावलेले होते आणि लंडनचे कांस्य चार वर्षांपूर्वी.

उत्तेजक द्रव्यांविरुद्धची व्यवस्था किती कार्यक्षम आहे, हे आपण सहसा पकडल्या गेलेल्यांच्या संख्येवरून ठरवतो. किती नमुने घेतले, किती दोषी सापडले, किती वर्षांची बंदी घातली, हे आकडे दरवर्षी छापून येतात. मला वाटते, या व्यवस्थेची परीक्षा चौथ्या क्रमांकावर उभ्या असलेल्या खेळाडूपाशी घेतली पाहिजे. जिने काही केलेले नाही, जिच्यावर आरोप नाही, जिचे नाव उत्तेजक प्रकरणाच्या कोणत्याही निकालपत्रात येत नाही, तिच्याशी ही व्यवस्था कशी वागते, तिला काय देते आणि तिच्याकडून काय काढून घेते, हे पाहिल्याशिवाय शिक्षा किती कडक असावी या चर्चेला अर्थ येत नाही. झांगची कारकीर्द मला यासाठी महत्त्वाची वाटते, कारण ती या व्यवस्थेच्या दोन्ही टोकांना उभी राहिली आहे. व्यवस्थेच्या दिरंगाईचे नुकसान तिने सोसले आणि उतावळेपणाचेही.

हातोडाफेकीत ही गोष्ट इतर खेळांपेक्षा अधिक जिव्हारी लागते, त्याला कारण आहे. महिलांचा हातोडा चार किलोचा असतो, पुरुषांचा ७.२६ किलोचा. २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात तीन किंवा चार गिरक्या घेऊन तो सोडायचा असतो, आणि अंतिम फेरीत पहिल्या आठांत असलेल्या खेळाडूला अशा सहा संधी मिळतात. ताकद, वेग आणि तोल यांचे हे गणित जुळायला दहा-बारा वर्षे जातात. पण जगाने ते पाहावे असे दिवस फार थोडे. २०१० पासून सुरू झालेल्या डायमंड लीग या अ‍ॅथलेटिक्समधील सर्वांत मोठ्या वार्षिक मालिकेत हातोडाफेकीला स्थान नाही. धावपटूला किंवा भालाफेकपटूला एका मोसमात कितीतरी वेळा भरलेल्या मैदानात, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर, चांगल्या बक्षिसासाठी उतरता येते. हातोडाफेकपटूसाठी ऑलिम्पिक, जागतिक स्पर्धा आणि आपल्या खंडाची स्पर्धा हेच काय ते मोजके दिवस. त्यातला एक दिवस चोरीला गेला, तर त्याची भरपाई करणारा दुसरा दिवस तिच्या पंचांगात नसतो. शिवाय महिलांच्या हातोडाफेकीला ऑलिम्पिकचे दार उघडले तेच २००० साली. या खेळातल्या बायकांनी ते दार उघडण्याची वाट पाहिली होती, आणि उघडल्यानंतर त्याच दारातून उत्तेजके घेतलेल्या खेळाडूही आत आल्या.

त्या पहिल्याच स्पर्धेत, सिडनीत, एक गोष्ट घडली, तिची आठवण इथे आवश्यक आहे. विश्वविक्रमवीर रुमानियाची मिहाएला मेलिंते पात्रता फेरीसाठी मैदानावर आलेली असताना अधिकाऱ्यांनी तिला बाहेर नेले, कारण आधीच्या एका चाचणीत तिच्या नमुन्यात नँड्रोलोन हे बंदी असलेले स्टेरॉइड आढळले होते. हजारो लोकांदेखत असे बाहेर काढणे क्रूर होते, आणि तो निरोप तिला आदल्या दिवशी खोलीत देता आला असता असे मला आजही वाटते. पण एका बाबतीत तो निर्णय योग्य वेळी झाला: तिने त्या स्पर्धेत हातोडा फेकण्यापूर्वी. म्हणूनच पोलंडची १७ वर्षांची कामिला स्कोलिमोव्स्का ७१.१६ मीटर फेकून पहिली ऑलिम्पिक विजेती ठरली, तेव्हा तिचे राष्ट्रगीत त्याच मैदानात, त्याच प्रेक्षकांसमोर वाजले. कामिला २००९ साली पोर्तुगालमधील सराव शिबिरात, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून, २६ व्या वर्षी गेली. तिला आयुष्य किती कमी मिळाले हे आठवले की तो सोहळा तिला वेळेवर मिळाला, याचे मोल कळते. ते पदक दहा वर्षांनी टपालाने आले असते, तर स्वीकारायला ती नसती.

मग लंडन आणि बीजिंगच्या बाबतीत इतकी वर्षे का लागली? ट्युरिनाबोल हे औषध नवे नव्हे. पूर्व जर्मनीने ते १९६० च्या दशकात तयार केले आणि आपल्या खेळाडूंना वर्षानुवर्षे सरकारी पद्धतीने दिले. अडचण त्याचा माग लागण्याची होती. शरीरातून ते लवकर निघून जाई, आणि स्पर्धेच्या काही दिवस आधी थांबवले की जुन्या पद्धतीच्या चाचणीत काही दिसत नसे. त्याचे लघवीत दीर्घकाळ टिकणारे अंश शोधून काढण्याची पद्धत २०१२ साली प्रसिद्ध झाली, आणि ती मांडणाऱ्यांत मॉस्कोच्या प्रयोगशाळेचे तेव्हाचे प्रमुख ग्रिगोरी रोडचेन्कोव्ह होते. याच गृहस्थांनी पुढे रशियातील सरकारी उत्तेजक योजनेची आणि तीत आपण स्वतः बजावलेल्या भूमिकेची कबुली दिली. ही पद्धत हाती आल्यावर बीजिंग आणि लंडनच्या साठवलेल्या नमुन्यांतून एकामागून एक नावे बाहेर पडली. बीजिंगच्या महिला हातोडाफेकीत पहिली आलेली मेन्कोवा आणि चौथी आलेली तिचीच देशभगिनी दार्या प्चेल्निक, दोघीही गेल्या. क्यूबाची यिप्सी मोरेनो दुसरीची पहिली झाली, झांग दुसरी झाली आणि फ्रान्सची मॅन्युएला मोंतब्रँ तिसरी.

नमुने राखून ठेवणे ही कल्पना अत्यंत मोलाची आहे, हे मान्य करूनच मला पुढचे म्हणायचे आहे. तेव्हाच्या नियमानुसार बीजिंगच्या नमुन्यांवर आठ वर्षांपर्यंतच कारवाई करता येत होती. २०१५ पासून ही मुदत दहा वर्षांची झाली. बीजिंगच्या नमुन्यांची मोठी पुनर्तपासणी झाली ती ही आठ वर्षे सरता सरता. याचे एक समर्थन दिले जाते आणि ते पोकळ नाही: नमुना थोडा असतो, एकदा वापरला की परत मिळत नाही, म्हणून विज्ञान पुरेसे पुढे जाईपर्यंत थांबावे. सर्व खेळांच्या सर्व नमुन्यांना हा युक्तिवाद लागू पडेल. परंतु प्रत्येक प्रकारातील पहिल्या आठ जणांच्या नमुन्यांना तो जसाच्या तसा लावणे मला पटत नाही. हे नमुने सुरुवातीलाच अधिक प्रमाणात घ्यावेत, त्यांचे भाग करून ठेवावेत आणि नवी पद्धत मान्य झाली की वर्षभरात त्यांतला एक भाग तपासावा. उरलेला दहाव्या वर्षासाठी ठेवावा. मुदत संपण्याच्या भीतीने तपासायला घेण्यापेक्षा, वाट पाहणाऱ्या माणसाचे वय लक्षात घेऊन तपासायला घेणे अधिक न्याय्य आहे. मोरेनो २०१४ साली निवृत्त झाली. बीजिंगचे सुवर्णपदक तिच्या नावावर आले तेव्हा तिच्या हातात हातोडा राहिला नव्हता.

हाइडलरचे उदाहरण मला याहूनही बोचते. तिच्या नावावर २०११ साली केलेला ७९.४२ मीटरचा विश्वविक्रम तीन वर्षे होता. लंडनमध्ये कांस्यपदकासाठीसुद्धा तिला यंत्रणेशी झगडावे लागले. रिओत ती शेवटच्या फेरीपर्यंत तिसरी होती, आणि मग ब्रिटनच्या सोफी हिचनने ७४.५४ मीटरची फेक करून तिला चौथ्या क्रमांकावर ढकलले. हा खेळ आहे, यात अन्याय काही नाही. हिचनची ती फेक सुंदर होती. सप्टेंबर २०१६ मध्ये हाइडलर निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात लिसेन्को अपात्र ठरल्याचे जाहीर झाले. म्हणजे आपण ऑलिम्पिकमध्ये दुसऱ्या आलो होतो, हे तिला खेळ सोडल्यानंतर काही आठवड्यांनी कळले. ही बातमी चार वर्षे आधी आली असती तर तिचे प्रायोजक, तिचा सराव, रिओच्या त्या रात्रीची तिची मनःस्थिती यांवर काय परिणाम झाला असता, हे कोणालाही सांगता येणार नाही. भरपाईचा हिशोब याच ठिकाणी अडतो. पदक परत देता येते. त्या पदकाच्या बळावर जगता आली असती ती वर्षे देता येत नाहीत.

जुने निकाल उकरून काढू नयेत, असे म्हणणारा एक पक्ष आहे. लोकांनी जे पाहिले तेच त्यांच्या आठवणीत राहते, मग दहा वर्षांनी यादी बदलून काय साधणार, असे ते विचारतात. प्रेक्षकाच्या बाजूने हे खरे असेल. खेळाडूच्या बाजूने ते खरे नाही, आणि निकाल हा प्रेक्षकाच्या आठवणीसाठी ठेवलेला नसतो. दुसरा पक्ष याच्या नेमका उलट बोलतो: एकदा पकडला की जन्मभर बंदी, सुनावणी नको, दयामाया नको. लिसेन्कोकडे बोट दाखवून हे म्हणणे सोपे जाते, कारण २००७ साली पकडली गेल्यानंतर दोन वर्षांची बंदी भोगून ती परतली होती आणि परतल्यावर पुन्हा तेच केले. बंदी भोगलेल्यांना पुढच्या ऑलिम्पिकपासून दूर ठेवण्याचा नियम ऑलिम्पिक समितीने २००८ साली केलाही होता. पण एकाच गुन्ह्याला दोन शिक्षा होतात या कारणावरून खेळांतील वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने २०११ मध्ये तो रद्द ठरवला. मला लवादाचा तो निर्णय कायद्याच्या दृष्टीने योग्य वाटतो. शिक्षा भोगून आलेल्याला परतू द्यावे. मात्र परतणाऱ्याच्या नमुन्यांची पुनर्तपासणी सर्वांत आधी आणि वारंवार व्हावी, त्याच्या बक्षिसाची रक्कम काही वर्षे राखून ठेवावी. हा त्याला दुसऱ्यांदा दिलेला दंड नव्हे. त्याच्या शेजारी उभे राहणाऱ्यांना दिलेली ती हमी आहे.

जन्मठेपेची भाषा बोलणाऱ्यांनी इंचॉनचे प्रकरण मात्र अवश्य पाहावे. २८ सप्टेंबर २०१४ रोजी झांगने तेथे ७७.३३ मीटर फेकून सलग तिसऱ्यांदा आशियाई सुवर्णपदक जिंकले. तिच्या नमुन्यात झेरानॉल हे बंदी असलेले द्रव्य आढळले आणि स्पर्धेचा समारोप होण्यापूर्वीच पदक काढून घेतल्याचे जाहीर झाले. जगभरच्या वृत्तपत्रांनी तिचे नाव छापले. चीनची वांग झेंग दुसरीची पहिली झाली, आणि ६० मीटरच्या पुढे फेक करून कांस्यपदक मिळवलेली भारतीय खेळाडू रौप्यपदकाची मानकरी ठरली. आपल्याकडेही त्या बातमीने आनंद झाला. नंतर तज्ज्ञांनी तपासले तेव्हा निघाले ते वेगळेच. झेरानॉल हे काही देशांत गुरांची वाढ व्हावी म्हणून दिले जाते, पण मका आणि इतर धान्यावर येणारी एक बुरशी झिअरालेनोन नावाचे विष तयार करते, आणि ते अन्नावाटे पोटात गेले तर शरीरात त्याचेच रूपांतर झेरानॉलमध्ये होऊ शकते. झांगच्या नमुन्यातले अंश अशा दूषित अन्नाशी सुसंगत होते. प्रकरण क्रीडा लवादाकडे गेले होते. २०१५ साली तिचे सुवर्णपदक तिला परत मिळाले.

या निकालाने झांगला न्याय मिळाला, पण तिच्या खाली उभ्या असलेल्या दोघींचे काय झाले? वांग झेंगचे सुवर्ण गेले आणि भारतीय खेळाडूचे रौप्य पुन्हा कांस्य झाले. त्या दोघींपैकी कोणीही अर्ज केला नव्हता, तक्रार केली नव्हती, झांगवर आरोप केला नव्हता. व्यवस्थेने आपण होऊन त्यांना वर चढवले आणि आपण होऊन खाली उतरवले. आपल्या देशात केंद्र आणि राज्य सरकारांची रोख बक्षिसे पदकाच्या रंगावरून ठरतात, नोकरीतला दर्जाही पुष्कळदा त्यावरून ठरतो, आणि गावच्या वेशीवरच्या कमानीवर रंगाचेच नाव लिहिले जाते. पदकाचा रंग एकदा वाढला आणि मग उतरला, हे आपल्या माणसांना समजावून सांगण्याचे ओझे त्या खेळाडूवर पडते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात नकळत शंका येते की हिनेच काही केले असेल. तात्पुरते निलंबन करून, सुनावणी पूर्ण होईपर्यंत पदकांची नवी वाटणी थांबवली असती, तर कोणाचेही काही बिघडले नसते. संशयिताला मैदानापासून लगेच दूर ठेवणे आवश्यक असते. तिचे पदक दुसरीच्या गळ्यात लगेच घालणे आवश्यक नसते. या दोन गोष्टींमधला फरक आशियाई ऑलिम्पिक परिषदेने त्या वेळी पाळला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशी उलथापालथ पुरुषांच्या हातोडाफेकीतही झाली आहे. जपानचा कोजी मुरोफुशी अथेन्सला २००४ साली ८२.९१ मीटर फेकून दुसरा आला. ८३.१९ मीटर फेकणारा हंगेरीचा अद्रियान आनुश पुढील नमुना देण्यास तयार झाला नाही आणि अपात्र ठरला; काही दिवसांतच मुरोफुशी ऑलिम्पिक विजेता झाला. त्या पदकाच्या मागच्या बाजूला प्राचीन ग्रीक कवी पिंडारच्या ओळी कोरलेल्या होत्या, ज्यांत ऑलिम्पियाला सत्याची स्वामिनी म्हटले आहे. मुरोफुशीने पत्रकारांसमोर त्या ओळींचा उल्लेख केला. शांतपणे, कोणाचा उपहास न करता, खेळाडूने दिलेली ही सर्वांत भारदस्त प्रतिक्रिया मी मानतो. चार वर्षांनी बीजिंगला तो पाचवा आला. दुसरा आणि तिसरा आलेले बेलारूसचे दोन खेळाडू, देव्यातोव्स्की आणि तिखान, टेस्टोस्टेरॉनच्या आरोपावरून अपात्र ठरले आणि मुरोफुशीच्या वाट्याला कांस्य आले. २०१० मध्ये क्रीडा लवादाने तो निर्णय रद्द केला, कारण प्रयोगशाळेने चाचणी करताना आंतरराष्ट्रीय मानके पाळलेली नव्हती. या निकालाचा अर्थ दोघांना निर्दोष ठरवले असा घेऊ नये, असेही लवादाने बजावले. पदके बेलारूसकडे परतली आणि मुरोफुशी पुन्हा पाचवा झाला. पुढे २०१२ च्या शेवटी तिखानचे अथेन्सचे पदकही पुनर्तपासणीत गेले. प्रयोगशाळेने एक पायरी चुकवली की दोषी कोण हे कधीच ठरत नाही, आणि निर्दोष माणूस आयुष्यभर त्या न ठरलेल्या निकालाच्या खाली उभा राहतो. म्हणून तांत्रिक काटेकोरपणा ही आरोपीला दिलेली सवलत आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी मुरोफुशीच्या जागी उभे राहून पाहावे. प्रयोगशाळा काटेकोर असती तर निकाल कोणताही लागला असता, पण तो टिकला असता.

याच प्रश्नाचे आणखी एक अंग अ‍ॅनेट एचिकुनवोकेच्या वाट्याला आले. ही हातोडाफेकपटू टोकियो ऑलिम्पिकसाठी नायजेरियाच्या संघात होती. स्पर्धा सुरू होण्याच्या बेतात असताना नायजेरियाच्या दहा खेळाडूंना अपात्र ठरवण्यात आले, कारण धोका अधिक असलेल्या देशांच्या खेळाडूंनी स्पर्धेपूर्वीच्या दहा महिन्यांत स्पर्धेबाहेरच्या किमान तीन अचानक चाचण्या पूर्ण केलेल्या असाव्यात असा नियम आहे, आणि त्यांच्या त्या चाचण्या झाल्या नव्हत्या. चाचणी घेण्याची जबाबदारी देशाच्या यंत्रणेची होती. घरी पाठवली गेली ती खेळाडू. तिच्या नमुन्यात काही सापडल्याचा प्रश्नच नव्हता, कारण नमुना पुरेशा वेळा मागितलाच गेला नव्हता. पुढे ती अमेरिकेकडून खेळू लागली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ७५.४८ मीटर फेकून तिने रौप्यपदक मिळवले. शेवट चांगला झाला म्हणून टोकियोत झालेले योग्य ठरत नाही. संस्थेच्या हलगर्जीपणासाठी संस्थेला दंड करावा, तिच्या पदाधिकाऱ्यांना ऑलिम्पिकची ओळखपत्रे नाकारावीत, आणि खेळाडूला आपल्या खर्चाने नव्हे तर जागतिक महासंघाच्या खर्चाने चाचणी पूर्ण करण्याची संधी द्यावी. नियम कडक असण्याला माझा विरोध नाही. नियमाचा मार चुकीच्या पाठीवर पडण्याला आहे.

गेल्या काही वर्षांत सुधारणा झाल्या आहेत, त्या नमूद केल्या पाहिजेत. ऑलिम्पिक समितीने २०१८ पासून पदक उशिरा मिळणाऱ्या खेळाडूला सोहळ्याचे सहा पर्याय दिले आहेत. पुढच्या ऑलिम्पिकमध्ये ते स्वीकारणे हा त्यांतला एक. पॅरिसमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये आयफेल टॉवरसमोरच्या विजेत्यांच्या उद्यानात अशा खेळाडूंना पदके दिली गेली, त्यांत २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकचेही विजेते होते. जागतिक महासंघाने पॅरिसच्या प्रत्येक अ‍ॅथलेटिक्स सुवर्णपदकासाठी ५० हजार डॉलर जाहीर केले आणि उत्तेजक तपासणीचे सोपस्कार पूर्ण झाल्यावरच ते द्यायचे ठरवले. हे सगळे योग्य दिशेने आहे. तरीही उद्यानातला सोहळा आणि मैदानातला सोहळा एक नव्हे. ज्या प्रकारात पदक गेले, त्याच प्रकाराच्या पुढच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीच्या दिवशी, त्याच मैदानात, नव्या विजेत्यांच्या आधी हे पदक दिले जावे. हातोडाफेकीसारख्या खेळाला वर्षात एखादाच असा दिवस मिळतो. त्या दिवशीच्या प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांना निदान हातोडा म्हणजे काय ते ठाऊक असते.

आपल्या देशाने आपल्यापुरते करायचे कामही थोडे नाही. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अनू राघवन चौथी आली होती. बहारीनची विजेती उत्तेजक प्रकरणात अपात्र ठरल्यामुळे दोन वर्षांनी ती कांस्यपदकाची मानकरी झाली, आणि त्याच कारणाने ४ बाय ४०० मीटर मिश्र रिलेतले आपले रौप्य सुवर्ण झाले. म्हणजे आपल्या खेळाडूंच्या बाबतीत हे यापुढेही घडणार आहे. अशा वेळी बक्षिसाचा फरक, नोकरीतील दर्जा, पुरस्कारासाठीचे गुण हे सर्व खेळाडूने अर्ज न करता आपोआप बदलले जातील, असा आदेश केंद्राने आणि राज्यांनी एकदाच काढून ठेवावा. आणि इंचॉनसारखा निकाल फिरला, तर संस्थेच्या चुकीमुळे वर गेलेल्या खेळाडूकडून दिलेली रक्कम परत मागू नये. महाराष्ट्रात पदकविजेत्यांसाठी जाहीर होणाऱ्या रकमांच्या बातम्या येतात, तेव्हा चौथ्या आलेल्याचे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. दोन-चार वर्षांनी तोच तिसरा ठरणार असेल, तर मधल्या काळात त्याचा सराव चालू राहावा एवढी मदत पहिल्या आठांत आलेल्या प्रत्येकाला मिळाली पाहिजे. वाट पाहण्यासाठीसुद्धा माणसाला पैसे लागतात.

२०२६ ची आशियाई स्पर्धा जपानमध्ये, ऐची प्रांतात आणि नागोया शहरात ठरली आहे. याच प्रांतातील चुक्यो विद्यापीठात कोजी मुरोफुशी शिकला. त्याचे वडील शिगेनोबू यांनी १९७० पासून १९८६ पर्यंत आशियाई स्पर्धेत हातोडाफेकीची सलग पाच सुवर्णपदके जिंकलेली आहेत. आशियाई ऑलिम्पिक परिषदेने तेथील स्पर्धेसाठी दोन गोष्टी लेखी जाहीर कराव्यात: खेळाडूचे अपील निकाली निघेपर्यंत कोणत्याही पदकाची फेरवाटणी होणार नाही, आणि फेरवाटणी झालीच, तर नवे पदक पुढच्या आशियाई स्पर्धेत, त्याच प्रकाराच्या अंतिम फेरीच्या दिवशी, मैदानावर दिले जाईल. भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने ही मागणी आपल्या नावाने परिषदेपुढे ठेवावी. इंचॉनमध्ये रौप्य हाती येऊन गेलेल्या खेळाडूचा देश म्हणून ती मागणी करण्याचा आपला अधिकार मोठा आहे.